शपथ झाली, आता उपचारांचे बोला

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी नवी मुंबईत समुपदेशक म्हणून काम करते. कोपरखैरण्यातल्या माझ्या खोलीत येणाऱ्या माणसांपैकी कुणी एमडी हा अमली पदार्थ विकत नाही, कुणाच्या घरावर छापा पडलेला नाही. तुर्भ्याच्या बाजारात पहाटे तीनला पाठीवर गोणी घेणारा माथाडी येतो. तंबाखूचा बार भरल्याशिवाय त्याला पहिली गाडी खाली करता येत नाही. त्याची बायको येते. दाढदुखीवर म्हणून सासूने दिलेली मशेरी ती वीस वर्षे लावते आहे. पाळी सुटली की क्वार्टर घेऊनच घरी जाणारा एमआयडीसीतला फिटर येतो. मोबाइलवरच्या रमीत बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवून बसलेला मुलगा येतो. जानेवारी 2025 मध्ये आपण ‘नशामुक्त नवी मुंबई’ अभियानाचा प्रारंभ केलात. त्यात या माणसांसाठी काय होते, एवढेच विचारायला हे पत्र लिहीत आहे.

पोलिसांनी विक्रेत्यांना पकडावे, जरूर पकडावे. पण ज्याच्या अंगात तलफ उठली आहे, त्याचे पोलीस काय करणार? अशा अभियानांतल्या मिरवणुका, फलक आणि शपथा यांनी त्याचे भागत नाही. शपथा तर मी रोज ऐकते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या, देव्हाऱ्यासमोर घेतलेल्या, गळ्यातली माळ हातात धरून घेतलेल्या. चौथ्या दिवशी त्या मोडतात, आणि घरचे म्हणतात, ‘हा खोटारडाच.’ तो खोटे बोललेला नसतो. शपथ घेताना तलफ आलेली नसते, एवढेच.

तलफ बहुतेक वेळा काही मिनिटे जोर करते आणि मग ओसरते. ती मिनिटे काढायला शिकवावे लागते. कोणत्या रस्त्याने घरी जायचे, खिशात पैसे किती ठेवायचे, कुणाला फोन लावायचा, हे एकेका माणसाबरोबर बसून ठरवावे लागते. पाय घसरला तर सगळे संपले असे न मानता दुसऱ्या दिवशी परत यायला सांगावे लागते. यासाठी शिकलेली माणसे लागतात, महिनोन्‌महिने लागतात. हे आपल्या आरोग्य विभागाला ठाऊक नाही, असे मी मानत नाही.

कायद्यालाही ते ठाऊक आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात गणले आहे आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हक्क, महोदय. मेहेरबानी नव्हे.

त्या हक्काचे काय होते ते ऐका. वर सांगितलेल्या फिटरने बायकोच्या शब्दाखातर दारू एका दिवसात बंद केली. तिसऱ्या रात्री हात कापू लागले, भिंतीवर नसलेली माणसे दिसू लागली, मग झटका आला. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने अचानक दारू सोडली तर जीव जाऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे लागते. त्या रात्री बायकोने रिक्षातून तीन रुग्णालये फिरवली. ‘दारूचा पेशंट आहे, आमच्याकडे सोय नाही,’ हेच उत्तर तिन्हीकडे. नावे मी लिहीत नाही. एका दाराला दोष देऊन काय होणार, जेव्हा दारेच नाहीत? टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मी सगळ्यांना देते, त्याचा आधारही होतो. पण झटका आलेल्या माणसावर फोनवरून उपचार होत नाहीत.

गुटख्याचेही तसेच. जुलै 2012 मध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, आणि पुढे ती वेळोवेळी वाढवली. मात्र टपरीवर ओळखीच्या गिऱ्हाइकाला पुडी मिळते, फक्त जास्त पैसे पडतात. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. आपण कधी शाळा सुटण्याच्या वेळी चालत ते अंतर मोजून पाहिले आहे का? खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथे जबडा न उघडणारी तरुण मुले बसलेली पाहिली की बंदीचा कागद आठवतो.

आणि दारू? जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे कर वाढवले, तेव्हा सुमारे 14,000 कोटींचा जादा महसूल मिळेल असे सांगितले गेले. त्यातले किती रुपये पिणाऱ्याच्या उपचारांवर खर्च होणार, हे कुणी सांगितले नाही. खारघरचे रहिवासी दारूचे दुकान नको म्हणून वर्षानुवर्षे झगडत आले. त्यांच्या ‘नको’ची किंमत किती, आणि महसुलाची किती?

पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदी आणली. त्याचे मला बरे वाटले. पण माझ्याकडच्या त्या मुलाचे कर्ज आणि रात्रीची जाग, दोन्ही बंदीनंतरही तशीच आहेत.

काय करावे हे या राज्याला नव्याने शिकायचे नाही. 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. आवार सरकारी, माया माणसांची. आज चाळीस वर्षांनीही नवी मुंबईतल्या बाया मला पुण्याचाच पत्ता विचारतात. रोजंदारीवरचा माणूस काम बुडवून तिकडे महिनाभर कसा राहणार? प्रत्येक महापालिकेच्या रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी चार खाटा, एक मानसोपचारतज्ज्ञ, दोन समुपदेशक, आणि बाजारात पहाटे सुरू असणारा एक तंबाखूमुक्तीचा कक्ष: हे आपल्या सरकारच्या आवाक्याबाहेर आहे का?

तो फिटर वाचला. आता सात महिने झाले, माझ्याकडच्या गुरुवारच्या बैठकीला न चुकता येतो. गेल्या आठवड्यात जाताना दारात थांबून त्याने विचारले, ‘ताई, पुन्हा तशी रात्र आली तर कुठं जायचं?’

माझ्याकडे सांगायला पत्ता नव्हता. तो आपण द्यावा. कोणते रुग्णालय, किती खाटा, कोणत्या तारखेपासून, एवढे उत्तर मला पुरेसे आहे. येत्या गुरुवारी तो पुन्हा विचारेल.

आपली,
एक समुपदेशक
कोपरखैरणे, नवी मुंबई