डास मारावा, की होऊच देऊ नये?



गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली होती आणि आम्ही बायका विहारातल्या सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात गल्लीतल्या एका सुनेने विचारले, "ताई, आपण दर रविवारी पंचशील घेतो. प्राणिहत्या करणार नाही म्हणतो. अन् घरी गेल्यावर डास दिसला की टाळी वाजवतो. हे कसं?" दोघी-तिघी हसल्या. ती मात्र हसली नाही. तिचा आठ वर्षांचा मुलगा नुकताच डेंग्यूतून उठला होता. सहा दिवस दवाखाना, नवऱ्याचे कंपनीतले खाडे आणि बचत गटातून उचललेले कर्ज, एवढे तिच्या डोक्यावर होते. "मी रोज घर पुसते, मोरी घासते. तरी आमच्याच घरात का?" हा तिचा खरा प्रश्न होता.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज देते. पहिले शीलाचे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. लेकराच्या अंगावरचा डास मारणाऱ्या आईच्या मनात द्वेष नसतो, काळजी असते. तेव्हा तिने मनाला लावून घेऊ नये. पण भगवान बुद्धांची शिकवण याच्याही पुढची आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि त्याला मार्ग आहे. डासाच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. टाळी वाजवून एक डास मरतो. कारण दूर केले तर शेकडो डास जन्मालाच येत नाहीत.

हे कारण शोधायला त्या रविवारी आम्ही चौघी बॅटरी घेऊन त्या सुनेच्या घरी गेलो. घर लख्ख होते. मोरीतल्या पिंपावर फळी ठेवलेली, पण कडेला चार बोटे फट. बॅटरी मारली तर पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. दुसऱ्या अळ्या सापडल्या त्या बुद्धमूर्तीसमोरच्या फुलदाणीत. फुले बदलली जात होती, पाणी तसेच होते. ती बिचारी मटकन खाली बसली.

तिचा दोष नव्हता. आपल्याला लहानपणापासून सांगितले गेले की डास गटारात होतात, घाणीत होतात. गटारातला डास वेगळा. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. काळा रंग, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे, ही त्याची ओळख. डेंग्यू झाला म्हणजे वस्ती घाणेरडी, असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे. बंगल्यातल्या कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये आणि फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्येही हा डास तितक्याच आनंदाने राहतो.

हा डास मूळचा आपला नव्हे. त्याचे मूळ आफ्रिकेच्या जंगलात. झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात तो वाढायचा. माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबून नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पाण्याच्या पिंपांतून तो समुद्रापार गेला आणि पुढे व्यापाराच्या वाटेने जगभर पसरला, असे अभ्यासक सांगतात. पिंपाशी त्याचे नाते असे जुने आहे.

आपल्या महाराष्ट्राने त्याचा तडाखा अनेकदा सोसला आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली होती. नंतर तीसेक वर्षे हा रोग जणू दिसेनासा झाला. २००६ साली तो परत आला आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात त्याने थैमान घातले. चिकुनगुनिया हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. त्याचा अर्थ वाकवून टाकणारा. सांधे धरले की कामकरी माणूस महिनोन् महिने खरोखरच वाकून चालतो. २०२४ च्या पावसाळ्यात नाशिक शहरात डेंग्यू किती घरांत शिरला, ते आपण पाहिलेच. नाशिकची हवा फार तापत नाही, फार गोठत नाही. आपल्याला मानवते तशी ती डासालाही मानवते. त्यातून नळाला तासभर पाणी येते म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. पाणी साठवू नका, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्यांची आपण लेकरे. पाणी साठवायचे, पण डासाला त्यात घर करू द्यायचे नाही.

आता खरी मेख ऐका. या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओल्या कडेला ती एकेक चिकटवते. ती काळ्या ठिपक्यांसारखी असतात, सहज दिसत नाहीत. पिंप रिकामे करून कोरडे ठेवले तरी ही अंडी महिनोन् महिने जगतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. कडा काथ्याने खसाखसा घासायच्या, धुवायच्या आणि पिंप उन्हात पालथे घालायचे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा हे काम केले की साखळी तुटते.

आमच्या गल्लीने त्यासाठी रविवार ठरवला आहे. आधी पिंप, मग वंदना. घरात काय काय पाहायचे ते सांगते. मोरीतले पिंप आणि टिपाड, गच्चीवरची टाकी, कूलर, फ्रिजचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, बाटलीतला मनीप्लांट, पाखरांसाठी ठेवलेले पाणी, अंगणातले टायर, करवंट्या, फुटके डबे आणि बुद्धमूर्तीसमोरची फुलदाणी. विहार आठवडाभर बंद असतो, म्हणून तिथल्या फुलदाण्या आणि टाकीही पाहायची. जे पिंप रिकामे करता येत नाही, त्याचे तोंड जुन्या सुती कापडाने सुतळी बांधून घट्ट झाका. उघड्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. महानगरपालिकेचे कर्मचारी पाण्यात टाकायचे औषध घेऊन आले तर त्यांना दारातून परत पाठवू नका.

हा डास जन्मला त्या जागेपासून सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास आपल्या किंवा शेजारच्याच घरातला. त्यामुळे एका घराने करून उपयोग नाही, सबंध गल्लीने करायला हवे. धुराची गाडी येऊन गेली की आपण निर्धास्त होतो, पण त्या धुराने उडते डास मरतात. अळ्या आणि अंडी तशीच राहतात. गाडी मागा, वेळेवर पाणी मागा, तो आपला हक्क आहे. पण पिंप आपणच घासायचे.

आणखी एक. हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत रातपाळी करून दिवसा झोपणारे आपले कारभारी आणि दुपारी पाळण्यात झोपणारी बाळे यांना मच्छरदाणी दिवसाच लागते.

ताप आलाच तर घाबरू नका आणि अंगावरही काढू नका. डेंग्यूवर खास औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पेज, ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी करा. ताप उतरला म्हणजे संकट टळले असे नाही. उतरणीच्या दोन दिवसांतच काही रुग्ण बिघडतात. पोटात जोराची कळ, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, सुस्ती, यांपैकी काहीही दिसले तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो आणि दुसऱ्या खेपेला तो जास्त जड जाऊ शकतो.

त्या सुनेच्या पिंपावर आता पांढरे सुती कापड ताणून बांधलेले असते. रविवारी सकाळी तिचा मुलगा बॅटरी घेऊन शेजारच्या घरांची पिंपे तपासत फिरतो आणि अळ्या दिसल्या की मोठ्या माणसांनाही दटावतो. परवा विहारात आल्या आल्या त्याने आधी मूर्तीसमोरची फुलदाणी उपडी केली. त्याची आई म्हणाली, "ताई, आता टाळी वाजवायची वेळ कमी येते."

येत्या रविवारी तुमच्या गल्लीतही पिंपे पालथी पडू द्या. जयभीम!