शिकवणीचा फॉर्म आणि घरची ठेव

बुऱ्हाणपूर म्हटले की मुमताजमहल आठवते. १६३१ साली तिचा मृत्यू इथेच झाला. पण मंडळी, आजचा लेख इतिहासाचा नाही. तापीकाठच्या या गावात आमचे एक मराठी नातलग राहतात. त्यांच्याकडे गेलो असताना त्यांच्या दहावीतल्या मुलीच्या एका फॉर्मवरून बरीच चर्चा झाली. तिच्याविषयी लिहायचे आहे.

गावात कोचिंग क्लासांचे फ्लेक्स जागोजागी. मुलांचे फोटो, खाली टक्के. म्हापसा, मडगाव, फोंड्यातही हेच चित्र, त्यामुळे त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते फॉर्मचे. एका क्लासने मोफत 'स्कॉलरशिप टेस्ट' ठेवली होती. तासाभराच्या त्या परीक्षेसाठी मुलीचे नाव, जन्मतारीख, फोटो, शाळा, नववीचे विषयवार गुण, आईवडिलांचे मोबाईल नंबर, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वर आधार कार्डाची झेरॉक्स! निकाल लागायच्या आधीच फोन सुरू झाले. कोणी इंदूरहून, कोणी कोट्याहून. एकाने तर मुलगी गणितात कच्ची आहे, आमच्याकडे पाठवा, असे स्पष्टच सांगितले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हिचे गणित कच्चे आहे हे आम्ही शेजाऱ्यांनाही सांगितले नव्हते."

या एका वाक्यात सगळे आले. मुलाचे गुण, घरची मिळकत, आईचा फोन नंबर या गोष्टी आपण शिक्षकावर विश्वास टाकून सांगतो. त्या क्लासकडे आपली ठेव म्हणून राहतात. ठेव म्हणजे क्लासच्या मालकीचा माल नव्हे.

बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखाली अडवून भुयारातून गावाकडे आणले गेले. वर दिसतात ती फक्त कुंड्यांची तोंडे, ओळीने शंभराच्या आसपास. एका कुंडीतले पाणी पुढच्या कुंडीत जाते, वर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. फॉर्मवरच्या माहितीचेही असेच आहे. फरक एवढाच की भंडारा बांधणाऱ्यांना पाणी कुठे पोचते ते ठाऊक होते. फॉर्म भरणाऱ्या पालकाला ते कोणी सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, माहिती घेतल्याशिवाय क्लास चालवायचा कसा? खरे आहे. मूल आले नाही तर घरी कळवायला फोन नंबर हवाच, कुठे अडते ते समजायला मागचे गुणही हवेत. पण वडिलांचे उत्पन्न गणित शिकवायला लागत नाही, ते फी किती लावावी याचा अंदाज घ्यायला लागते. आधारची झेरॉक्स तर कशालाच लागत नाही.

कायदाही आता याच दिशेने चालला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे. त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती करायला मनाई आहे. शिक्षणसंस्थांना सूट आहे, पण ती शिकवण्याच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती मुलांवर लक्ष ठेवण्याची. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. गंमत अशी की हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. बाईंच्या वहीतले गुण त्याच्या बाहेर, तेच गुण फोनमध्ये चढवले की आत!

फ्लेक्सचेही तसेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांना सांगितले, की विद्यार्थ्याचे नाव वा फोटो जाहिरातीत वापरायचा तर लेखी संमती हवी, आणि तीही तो यशस्वी झाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळीच बारीक अक्षरात सही घेऊन ठेवायची युक्ती चालणार नाही. आपला मुलगा फ्लेक्सवर झळकला याचा आईबापांना अभिमान वाटतो, तो वाटावाच. पण पूर्वी वर्तमानपत्रात दहावीचा निकाल नुसत्या नंबरांनी छापून येई, तेव्हा कोणाचा आनंद कमी होत नव्हता.

मोठ्या कंपन्यांकडे माहिती जास्त सुरक्षित असते, असेही समजू नये. २०२० साली अनअकॅडमी या ऑनलाईन शिकवणीच्या कंपनीतून माहिती चोरीला गेली. सुमारे १ कोटी १० लाख विद्यार्थ्यांची प्राथमिक माहिती बाहेर गेल्याचे कंपनीनेच मान्य केले. तिथे निदान बातमी तरी झाली. गल्लीतल्या क्लासच्या संगणकावरून एखादी यादी पेनड्राईव्हवर गेली तर कोणाला कळणार?

आपल्या गोव्यात घरी शिकवणी घेणारी शिक्षक मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना वकील लावायची गरज नाही. चाचणीचे गुण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात सगळ्यांच्या नावांसकट टाकू नयेत, ज्याचे त्याला कळवावेत. मूल शिकवणी सोडून गेले की त्याची माहिती पुसून टाकावी. यादी कोणी मागितली, अगदी ओळखीच्याने मागितली, तरी देऊ नये. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आणि पालकांनी? येत्या जूनमध्ये फॉर्म हातात येईल तेव्हा उत्पन्नाचा रकाना कोरा सोडून पाहावा. क्लासवाले विचारतील, "हे का भरले नाही?" आपणही विचारावे, "हे कशाला हवे?" उत्तर पटले तर भरावे.