थंडीतली छाटणी आणि माझी सही



सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच निरोप आला आहे. "थंडी आहे तोवर झाडं एकदाच बोडकी करून घेऊ, म्हणजे तीन वर्षं बघायला नको." या वेळी मी विरोध कळवला. काहींना नवल वाटलं, कारण मागच्या खेपेला याच कामाच्या बिलावर खजिनदार म्हणून माझी सही होती.

तेव्हा ठेकेदाराने दोन दर दिले होते. दरवर्षी थोडी छाटणी, नाहीतर एकदाच सगळी. मी पडले बी.कॉम., हिशेब पटकन केला आणि स्वस्त पडलं ते निवडलं. जानेवारीत गेटजवळच्या कडुलिंबाचं खोड आणि तीन खुंट तेवढे उरले. त्या पाडव्याला कडुलिंबाची डहाळी बाजारातून विकत आणली, वाघोलीत राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. एप्रिलमध्ये पश्चिमेकडची साल तडकली. पावसाळ्यात मात्र खुंटांवर केरसुणीसारखे फुटवे आले, तेव्हा सगळे म्हणाले, "बघा, कसं जोमानं फुटलंय!" गेल्या पावसात त्यातलाच जाड झालेला एक फुटवा मुळापासून उचकटून खाली उभ्या स्कूटरवर पडला. कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब. खुंट आतून कुजला होता.

मग मी या विषयावर वाचायला लागले. आपण जोम समजतो ती खरी तर झाडाची धडपड असते. पानं ही झाडाची कमाई आणि खोड-मुळांत साठवलेला पिष्ट म्हणजे एफडी. सगळी पानं एकदम गेली की झाड एफडी मोडून फुटवे काढतं. ते सालीलगतच्या वरच्या थरातून येतात, म्हणून त्यांची पकड कच्ची असते. आणि झाडाची जखम आपल्या बोटासारखी भरून येत नाही. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाड कुजका भाग आतल्या आत भिंत घालून वेगळा करतं. लहान जखमेला हे जमतं, मांडीएवढ्या खुंटाला अवघड जातं.

"हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं" हे वाक्य बर्फाच्या देशातलं आहे. तिथे पानं आधीच गळलेली असतात, साठा खाली गेलेला असतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहर येतो, कडुलिंब पानांनी भरलेला असतो. तेव्हा कापलं की पुढे दोन महिन्यांत पुण्याचं ऊन चाळिशीकडे जातं आणि उघड्या सालीवर पडतं. तांबट पक्षी वाळक्या फांदीत घर कोरतात, तेही याच सुमाराला.

हे म्हणतात, "नाशिकला द्राक्षं वर्षातून दोनदा कापतात, मरतात का?" एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, बरोबर आहे. पण तिथे बोटाएवढ्या काड्या कापतात आणि मागोमाग खत-पाणी देतात. गुलाब, शेवगाही सोसतात. आपण गेटवरच्या कडुलिंबाला कधी तांब्याभर पाणी घातलं?

आता कायद्याचं. १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडणं या शब्दातच झाडाला कोणतीही इजा करणं येतं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, तेव्हा परवानगीचा कागद आधी हवा.

आणि आपल्या घरात तर जांभळाच्या झाडाचं चित्र लहानपणापासून भिंतीवर असतं. सहा भुकेले, एकच झाड, सहा लेश्या. भूक सगळ्यांची खरी, पण मोठी फांदी तोडू म्हणणारा अशुभ लेश्यांतच मोजला जातो. पाठशाळेत मी ते चित्र कितीदा समजावून सांगितलं आहे, आणि सही करताना आठवलं नाही. पाण्याच्या थेंबाची जयणा पाळणारी मी.

झाडाला हातच लावू नका, असं मात्र मी म्हणत नाही. वाळकी, डोक्यावर लोंबणारी फांदी काढलीच पाहिजे. खाली मुलं खेळतात. फक्त फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा राखून कापावी, डांबर-रंग फासू नये, आणि एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त पानोळा काढू नये. खर्च थोडा जास्त येतो, खरं आहे. पण स्कूटरच्या दुरुस्तीचे पैसे सोसायटीनेच दिले, ते त्या स्वस्त दरात कोणी धरले नव्हते.

रविवारी मीटिंग आहे. खजिनदार आता मी नाही, तरी जुन्या बिलाची प्रत फाइलमधून काढून पर्समध्ये ठेवली आहे.