व्यापाऱ्यांचा समेट आणि धुऱ्याचा तंटा

वाशिम जिल्ह्यातल्या केनवडला मध्यंतरी एका कार्यक्रमासाठी जाणे झाले. कार्यक्रम आटोपल्यावर एक मुलगी वडिलांना घेऊन भेटायला आली. एलएल.बी. झालेली. आता एलएल.एम. आणि पुढे पीएच.डी. करायची म्हणते. विषय काय, तर वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांचे व्यापारी वाद कोर्टाबाहेर मध्यस्थीने कसे मिटतात आणि त्याचा कायदा. वडिलांना ते पटलेले नव्हते. "वकीलसाहेब, हे श्रीमंतायचं भांडण हाय. आपल्या पोरीनं अ‍ॅट्रॉसिटीच्या केसा चालवाव्या, का हे शिकत बसावं?"

समाजात हा प्रश्न घरोघरी आहे. आपल्या मुलाने वकील व्हावे तर फौजदारी किंवा सेवाविषयक प्रकरणांचा, प्राध्यापक व्हावे तर राज्यघटना शिकवणारा, अशी आपली ठरलेली समजूत. व्यापारी कायदा दुसऱ्यांचा. आम्ही वडिलांना एवढेच सांगितले की बाबासाहेब १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदाच शिकवत होते. महाडचा सत्याग्रह झाला तो १९२७ साली, म्हणजे याच काळात. एक काम दुसऱ्याच्या आड आले नाही.

पण केवळ बाबासाहेबांचे नाव घेऊन भागत नाही. हा विषय आपल्या कामाचा आहे का, हे तपासले पाहिजे.

आपल्या वऱ्हाडातल्या कापसाचेच पाहा. बीटी बियाण्याचे तंत्रज्ञान अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे. जालन्याची महिको आणि मोन्सॅन्टो यांची संयुक्त कंपनी ते इतर बियाणे कंपन्यांना परवान्याने देत असे आणि त्याचे शुल्क बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत मिसळलेले असे. म्हणजे दोन एकरांवर पऱ्हाटी लावणारा आपला माणूसच ते भरत होता. २०१५ साली या शुल्कावरून हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सशी वाद पेटला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ८०० रुपये आणि त्यातले तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये ठरवले. २०२० मध्ये शुल्क शून्यावर आणले. वाद लवादापुढे, दिल्ली उच्च न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयात फिरला आणि २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी आपसात मिटवला. समेटाच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. ज्याच्या खिशातून पैसा गेला तो शेतकरी या वादात पक्षकारच नव्हता. गुप्तता हा मध्यस्थीचा गुण म्हणून वर्गात शिकवला जातो. तो कोणाच्या सोयीचा गुण आहे, हे विचारणारा वर्गात कोण बसतो?

आता कायदा पाहू. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१८ मध्ये व्यापारी समेटांबाबत एक करार मंजूर केला. ७ ऑगस्ट २०१९ ला सिंगापूरमध्ये पहिल्याच दिवशी ४६ देशांनी त्यावर सह्या केल्या, त्यात भारत होता. सही झाली तरी अनुसमर्थनाशिवाय करार देशाला बांधत नाही, आणि २०२३ साली आपला मध्यस्थी कायदा झाला तेव्हाही भारताने ते केलेले नव्हते. या करारातले पाचवे कलम वाचण्यासारखे आहे. मध्यस्थाने आपल्या निष्पक्षतेबद्दल शंका यावी अशी बाब लपवली आणि तसे नसते तर पक्षकाराने समेट केलाच नसता, असे दिसले तर न्यायालय त्या समेटाची अंमलबजावणी नाकारू शकते. जगातल्या धनिक व्यापाऱ्यांनी स्वतःसाठी एवढी काळजी घेतली आहे. मध्यस्थ समोरच्याचा माणूस निघाला तर काय, हा विचार त्यांनी आधीच करून ठेवला.

आपल्या २०२३ च्या कायद्यात काय आहे? मध्यस्थाने हितसंबंध लेखी जाहीर करावेत असे दहावे कलम सांगते. ठीक. पण समेटाला आव्हान कोणत्या कारणांवर देता येते, ती कारणे २८ व्या कलमात मोजून चार आहेत: फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मध्यस्थीला अपात्र असलेला वाद. मध्यस्थाने नाते लपवले, हे त्यात नाही. गावाने दबाव आणला, हे तर नाहीच नाही.

याच कायद्याच्या ४३ व्या आणि ४४ व्या कलमांत 'सामुदायिक मध्यस्थी' आहे. गावातली शांतता बिघडवू शकणारे तंटे तीन मध्यस्थांपुढे मिटवायचे. मंडळात कोण? समाजात मान असलेली, सचोटीची माणसे, स्थानिक कार्यकर्ते, रहिवासी संघांचे प्रतिनिधी वगैरे. महिला किंवा इतर वर्गांचे प्रतिनिधित्व 'विचारात घेता येईल'. घेतलेच पाहिजे, असे नाही! गावात मान कोणाला असतो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. आणखी एक गंमत. कंपन्यांचा समेट २७ व्या कलमाने दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, पण गावातल्या या समेटाला हुकूमनाम्याचे बळ नाही. उद्या समोरच्याने पांदण पुन्हा अडवली तर त्या कागदावर दरखास्त लावता येणार नाही. ९ ऑक्टोबर २०२३ ला या कायद्याची काही कलमे लागू झाली, त्यांत ही दोन नव्हती. म्हणजे बोलायला अजून वाव होता आणि आपल्यातले फार थोडे बोलले.

फौजदारी खटल्यांचे वाद या कायद्याने मध्यस्थीबाहेर ठेवले आहेत, हे खरे. पण प्रत्यक्षात काय घडते? १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गाव तंटामुक्त झाले की बक्षीस. त्या वर्षांत आमच्याकडे एक पक्षकार आला होता. धुऱ्यावरून मारहाण, जातीवरून शिवीगाळ. गावाने त्याला बसवून समजावले की तुझ्या एका तक्रारीने गावाचे बक्षीस जाईल. त्याने सही केली. पुढच्या पेरणीला धुरा आणखी दोन तास आत सरकला होता. तो कागद आम्ही अजून जपून ठेवला आहे. खैरलांजीच्या हत्याकांडामागेही शेतातल्या रस्त्याचा जुना वाद होता, हे २००६ नंतर कोणी विसरू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या रामावतार प्रकरणात, वाद मुळात खाजगी स्वरूपाचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचा खटलाही समेटावरून रद्द करता येतो, असे म्हटले. पीडितावर दबाव नाही ना, हे पाहण्याची सूचनाही दिली. पण दबाव ओळखायचा कसा? त्याचे निकष लिहून ठेवणारे अभ्यासक आपल्याकडे किती आहेत? सिंगापूर करारावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला ते निकष ठाऊक असतील, कारण व्यापाऱ्यांनी ते आधीच घडवले आहेत. आपल्याला ते फक्त गावात आणायचे आहेत. म्हणून आम्ही मुलीच्या बाजूने बोललो.

एक व्यावहारिक बाबही त्यांना सांगितली. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय २०२२ मध्ये वगळण्यात आले. म्हणजे जातीचा अभ्यास परदेशात करायला पैसा नाही. व्यापारी मध्यस्थीला मात्र तशी आडकाठी नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहेच. दार एकीकडून लावले असेल तर दुसरीकडून आत शिरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निघताना वडिलांनी आम्हाला थांबवले. मध्यस्थाने हितसंबंध लेखी द्यायचे, हे त्यांच्या डोक्यात बसले होते. "त्यात सोयरीक येते का?" आम्ही म्हटले, येते, वैयक्तिक, व्यावसायिक, आर्थिक, सगळे येते. ते थोडे थांबले. "आन् जात?"

मुलीने पिशवीतून वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला.