दोन कोटेशनं आणि एक टेबल

सप्तापुरात माझी धाकटी जाऊ राहते. मागच्या रविवारी गेले, तर चहाच्या आधीच तिनं माझ्यापुढं दोन कोटेशनं ठेवली. एक डेस्कटॉपचं, एक लॉपटॉपचं. पैसे भिशीचे, पंचेचाळीस हजार. "अक्का, तुम्हीच सांगा. पुढची पाच वर्षं दुसरं काही घेता यायचं नाही."

तिचं काम भाषांतराचं. सीमाभागातल्या मराठी घरांतून जमिनीचे उतारे, खरेदीखतं, वाटणीपत्रं येतात, सगळी कन्नडमध्ये. ती ती मराठीत करून देते. जोडीला विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध टाइप करते. आजवर हे सारं चाललं ते पलंगावर मांडी घालून, जुन्या लॉपटॉपवर. आता त्याची बॅटरी संपली, बिजागरी मोडली आणि हिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी मान खाली घालून बसणं बंद करायला सांगितलंय.

लॉपटॉपची गोम इथंच आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्याशी येतात, हात नीट ठेवावेत तर मान वाकते. खाली स्टँड आणि वेगळा कीबोर्ड घेतला की हे टळतं खरं, पण मग तो टेबलावरून हलत नाही. (१९८१ साली ऑस्बॉर्न नावाचा पहिला गाजलेला 'उचलून नेण्याजोगा' संगणक आला, तो अकरा किलोंच्या आसपास होता आणि त्यात बॅटरीच नव्हती. त्या मानानं आपण सुखी!)

लेकीचं मत अर्थातच लॉपटॉप. ती स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाते. सप्तापुरात असे क्लास आणि अभ्यासिका गल्लोगल्ली. "आई, दोघींना चालेल की." मला खरी अडचण इथं दिसली. लॉपटॉप ज्याच्या पिशवीत, त्याचा. लेक सकाळी क्लासला, तिथून अभ्यासिकेत, ती दिवेलागणीला घरी. निपाणीहून उताऱ्यासाठी आलेला माणूस तोवर दारात बसून राहणार होय? आईची कमाई लेकीच्या दप्तरात जायची.

विजेचं म्हणाल, तर लॉपटॉप वरचढ. डेस्कटॉप मॉनिटरसह शंभर वॉटच्या आसपास खातो, लॉपटॉप तीस ते पन्नास. रोज आठ तासांच्या हिशेबानं महिन्याला बारा ते सतरा युनिटांचा फरक. वीज गेली की डेस्कटॉपला यूपीएस लागतो. छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं धरतो, म्हणजे काम सेव्ह करून बंद करण्यापुरता. पण डेस्कटॉपचा कीबोर्ड बिघडला तर नवा काही शेकड्यांत येतो, रॅम वाढवता येते. बऱ्याच पातळ लॉपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेली असते, घेताना जेवढी तेवढीच. आणि हिला कीबोर्ड मोठाच हवा. इन्स्क्रिप्ट पद्धतीत मराठी आणि कन्नडचा 'क' एकाच बटणावर असतो, त्यामुळं दोन्ही भाषांत तिची बोटं न बघता धावतात.

डेस्कटॉपचं कोटेशन मात्र मी परत पाठवायला लावलं. स्वस्त होतं, कारण यंत्र वापरलेलं, विंडोज १० वर चालणारं. त्या विंडोजचा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे यंत्र विंडोज ११ घेईना. लोकांची खरेदीखतं अशा यंत्रात ठेवायची?

शेवटी नवा डेस्कटॉप ठरला, यूपीएससकट, आणि कोपऱ्यातलं शिवणयंत्राचं टेबल रिकामं केलं. लेक दोन दिवस बोलली नाही. काल फोन आला: जुना लॉपटॉप घेऊन ती चिगरी बसनं हुबळीला गेलीय, बिजागरी आणि बॅटरीचे किती पडतात ते विचारायला.