कथील, थंडी आणि इतिहास

कल्हईचे कथील आपल्या परिचयाचे आहे. शुद्ध कथील १३ अंश सेल्सिअसच्या खाली दीर्घकाळ राहिले, तर त्याची स्फटिकरचना पालटू लागते. कडाक्याच्या थंडीत ते शेकडा २७ इतके फुगते व त्याची करडी भुकटी होते. हे शास्त्र निर्विवाद आहे. परंतु १८१२ साली रशियाच्या हिमात नेपोलियनच्या सैनिकांची बटणे अशीच विरली, ही कथा आम्हांस मान्य नाही. या पालटास सामान्यतः फार काळ लागतो. अँटिमनी वा बिस्मथ यांचा अल्प अंशही त्यास रोखतो. आणि बटणे विरल्याचा भक्कम पुरावाही नाही. विद्यार्थिमित्रहो, जे घडू शकते ते घडलेच, असे मानू नये. शास्त्र शक्यता दाखविते; इतिहासास साक्ष लागते.