त्यांची 'विविधता', आमची 'खैरात'?

कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइल म्हणजेच गुणवत्ता, असे आम्हाला रोज ऐकवले जाते. पण खुद्द आयआयएम तरी तसे मानतात का? तिथे दहावी-बारावीचे गुण, पदवी, नोकरीचा अनुभव, मुलाखत असे सगळेच मोजतात. वर्ग इंजिनिअर मुलांनीच भरतो म्हणून काही आयआयएम मुलींना आणि इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना जादा गुण देतात. त्याला 'विविधता' म्हणतात. आमचा त्याला विरोध नाही. पण अनुसूचित जातींच्या १५, जमातींच्या ७.५ आणि ओबीसींच्या २७ टक्के जागांचा विषय निघाला, की लगेच गुणवत्ता धोक्यात येते! ओबीसींच्या जागा तर २००८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच मिळाल्या.

आम्ही वस्तीत मुलांना शिकवतो. बापासोबत मजूर नाक्यावर उभे राहून बी.कॉम. झालेल्या मुलाची मजुरी 'अनुभवा'त धरत नाहीत. कंपनीतली दोन वर्षे धरतात. मग ही मोजपट्टी कोणाच्या मापाची?

आरक्षण म्हणजे वर्गाची शोभा वाढवणारी विविधता नव्हे. तो प्रतिनिधित्वाचा संवैधानिक हक्क आहे. मुलाखतीला जाणाऱ्या भावाबहिणींनो, ताठ मानेने जा.

जय भीम!